अर्ध्या पुलाचा हंगाम

दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, आणि आमच्या रस्त्यावरनं उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. आधी लांबनं स्पीकर ऐकू येतो, मग इंजिनाची धाप, मग एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांचा खडखडाट. खिडकीची काच थरथरते. बाकीचं कोल्हापूर या आवाजावर खूश असतं. बॉयलर पेटले, आता बाजार हलणार. मी मात्र हातातलं काम टाकून उठते. गॅलरीत जाते, आत येते, पुन्हा जाते. नवरा पेपरातनं डोकं वर न काढता म्हणतो, "झाला का तुझा हंगाम सुरू?" झाला बाबा. काय करू? काच थरथरली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि हे गेल्या कित्येक वर्षांचं आहे.

माझा धंदा टेकूचा. शाहूपुरीत छोटं ऑफिस आहे, दारावर इंजिनिअर म्हणून पाटी आहे. ती वाचून लोक विचारतात, "पूल बांधता का?" नाही. जुन्या पुलाचे खांब बहुतेकदा दणकट असतात. झिजतो तो वरचा स्लॅब, ज्यावरनं गाड्या धावतात. त्याच्या सळ्या गंजतात, खालनं खपल्या पडतात. तो काढून नवा टाकायचा. पण जुना कापल्यापासनं नवा कडक होईपर्यंत पूल कशाच्या जिवावर उभा राहणार? त्या मधल्या काळाची जबाबदारी माझी. लोखंडी खांब, आडव्यातिरप्या पट्ट्या, जॅक, लाकडी पाचरी असला सगळा माझा संसार. काम संपलं की तो उचलून ट्रकमध्ये भरतात आणि दुसऱ्या नदीवर नेतात. उद्घाटनाच्या फोटोत माझा एकही टेकू नसतो. नसू दे, मला त्याचं दुःख नाही. पण कुणी "तात्पुरतंच आहे की, कशाला एवढं डोकं लावताय?" असं म्हणालं की माझं टाळकं सरकतं. अहो, कायमचं असतं त्याला चुकायला सवड असते. तात्पुरत्याला नसते.

त्या हंगामाची आठवण निघते ती पाचटाच्या वासानं. गारगोटीच्या पलीकडं, गडहिंग्लजच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावर एक पूल होता. पूल तसा लहानच, पण अल्याड ऊस आणि पल्याड कारखाना. स्लॅब इतका खराब झालेला की खालनं वर पाहिलं तर गंजक्या सळ्या दिसायच्या. पावसाळ्यात काम होत नाही, म्हणजे नदी उतरल्यावर करायचं. आणि नदी उतरते तेव्हाच नेमका ऊस तुटायला लागतो. गावच्या देवळासमोर बैठक झाली. आम्ही पूल बंद ठेवायचा म्हटल्याबरोबर एक म्हातारे शेतकरी उठले.

"म्हंजे हंगामात पूल बंद? मग ऊस काय डोक्यावरनं न्यायचा काय आमी?"

"वळसा घालून न्या की," मी म्हटलं.

"वळसा कुटनं पडतोय म्हाईत हाय काय, बाई? पार तिकडनं. वाटंतच वाळून चिपाड हुईल उसाचं. तुमी कोल्लापुरात बसून चा पिणार, आन् आमी?"

मला राग आला, आणि त्यांचं खरंही वाटलं. या दोन गोष्टी एकदम झाल्या की मी हट्टाला पेटते. मी म्हटलं, अर्धा कापू, अर्धा चालू ठेवू. पूल लांबीत मधोमध कापायचा. एका अर्ध्यावर नवा स्लॅब, दुसऱ्या जुन्या अर्ध्यावरनं वाहतूक. उरलेला जुना अर्धा कापल्या अंगानं उघडा पडतो, त्याला खालनं माझे टेकू. कागदावर सही माझी. गावानं टाळ्या वाजवल्या, आणि तिथनं माझी झोप उडाली.

नियम साधे केले. एका वेळी एकाच बाजूची वाहतूक. भरलेला ट्रॅक्टर पुलावर एकच, तोही न थांबता, सावकाश. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेता येत नाही. घ्यायला गेलं की ट्रॉल्या आडव्या होतात. म्हणून समोरासमोर गाठ पडणं परवडणारं नव्हतं. मोबाईलची रेंज नदीत कुठली! तर आमच्या मल्लाप्पानं युक्ती काढली. मल्लाप्पा साइटवरचा मुकादम, सीमेकडच्या गावचा, घरी कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा, मला अक्का म्हणणारा. त्यानं काठीला लाल फडकं बांधलं. एका बाजूनं सुटलेल्या गाड्यांपैकी शेवटच्या ड्रायव्हरच्या हातात ते द्यायचं. त्यानं ते पल्याडच्या माणसाला पोचवलं, की मगच पल्याडच्या गाड्या सोडायच्या. "फडकं आलं न्हाय तर देव आला तरी सोडत न्हाय, अक्का," तो म्हणाला. पल्याडच्या टोकाला तो स्वतःच उभा राहायचा.

पुलाखाली मला फार आवडायचं, हे सांगितलंच पाहिजे. वर धूळ, हॉर्न, कटरचा कर्कश आवाज, आणि खाली गार. गोटे, मधनं वाहणारी पाण्याची बारीक धार, ओल्या वाळूचा वास. ट्रॅक्टर गेला की वरनं उसाची एखादी कांडी पडायची. मी रोज सकाळी टेकू बघायला उतरायची. एक दिवस उतरले तर दोन टेकूंच्या मधल्या आडव्या पट्टीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत पोर. शेजारी गोट्यावर पोराची आई भाकरी खात बसलेली.

ती मंगल. बीडकडनं आलेल्या ऊसतोडीच्या टोळीतली. नदीकाठच्याच फडात ते लोक तोडत होते. फडात सावली नव्हती. एक बाभूळ होती, तीही लांब. तेव्हा हिनं पुलाखालची जागा शोधून काढली होती. मी काही बोलायच्या आधीच ती तोंडभर हसली.

"मॅडम, लई चांगलं केलंय बघा तुम्ही हे. वरून गाडी गेली की झोळी आपसूक हालती. मला दोरी वढायचं कामच नाही. लेकरू निवांत झोपतंय."

 मी झोळीवर नजर ठेवून थांबले. वर भरलेला ट्रॅक्टर आला, धडधडत गेला. आणि झोळी हलली. छान हलली, सावकाश, आईनं ओढावी तशी. पोरगी झोपेत ओठ चोखत होती.

गाडीखाली पूल थोडा हलतोच. न हलणारा पूल मी अजून पाहिलेला नाही. पण टेकूनं बाजूला डुलायचं नसतं. मी वर चढले आणि वाहतूक बंद करायला लावली. दोन्हीकडनं हॉर्नचा नुसता कालवा. मल्लाप्पा पुलाखाली शिडी लावून चढला आणि त्यानं टेकूच्या डोक्यावरच्या पाचरीला हात लावला. पाचर हातानं हलली. दणक्यांनी पाचरी सरकतातच, म्हणून त्या रोज ठोकायच्या असतात. आमचे सुतार जत्रेला गेले होते आणि ठोकायचं राहिलं होतं. पाचर सैल झाली की गर्डर, म्हणजे स्लॅबखालची तुळई, आणि टेकू यांच्यात फट पडते. मग प्रत्येक गाडीला गर्डर खाली येऊन टेकूवर आपटतो आणि टेकू डुलतो. सगळ्या पाचरी ठोकल्या, सरकू नयेत म्हणून खिळे मारले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पुन्हा एक ट्रॅक्टर सोडला. झोळी जागची हलली नाही. 

दुसऱ्या दिवशी मंगल माझ्यावर उखडली होती. "काय केलंत ओ मॅडम? झोळीच हालंना गेली. लेकरू झोपायलं नाही कालपासून!"

मला हसू फुटलं. मग हसू आवरून मी तिला सांगितलं, की हे बघ, इथं पोरीला ठेवायचं नाही. अजिबात नाही.

"कामून?"

"पुलाचं काम चाललंय. कधी काय होईल सांगता येत नाही."

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "वरून एवढाल्या गाड्या सोडता की तुम्ही. त्याच्यात माणसंच बसलेली असत्यात ना? त्यांचं भ्या वाटत नाही तुम्हाला, आन् माझ्या लेकराचंच वाटतंय?"

  यावर मी तेच केलं जे उत्तर नसलेली माणसं करतात. दोरी बांधली, बोर्ड लावला, पुलाखाली येऊ नये म्हणून. मंगलला वाचता येत होतं. तिनं बोर्ड नीट वाचला आणि दोरीखालनं वाकून आत गेली. मी आमच्या सामानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा करून दिली. शेड दुपारी तव्यासारखी तापायची. पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. दुपार झाली की झोळी पुन्हा पुलाखाली. मी ओरडायची, ती झोळी सोडायची. मी वर चढले की ती परत बांधायची. आता तिचं चुकलं म्हणायचं तर सावली कुठली दाखवायची तिला?

त्या दिवसांत मला कशातच राम वाटत नव्हता. जेवताना मनात आकडेमोड चालायची. हिशेब चोख होता. नुसता चोख नाही, मी हात सैल सोडून गुंजाईश ठेवली होती, कारण उसाच्या ट्रॉल्या कशा भरतात हे मी लहानपणापासनं बघत आलेय. वरनं जाणाऱ्या ड्रायव्हरला मी स्वतः म्हटलं होतं, निर्धास्त जावा. मग खालच्या पोरीसाठी माझं काळीज का लटपटत होतं? माझा माझ्या कामावर विश्वास होता की नव्हता? असेल तर मंगलला हाकलायचं कारण नाही. नसेल तर पूल बंद करायला हवा. दोन्हींतलं मी एकही करत नव्हते. मला माझाच राग यायचा, आणि तो मी मल्लाप्पावर काढायची. "अक्का, तुमी जरा घरला जाऊन निजा की," तो म्हणायचा.

अलीकडं एका कॉलेजात बोलायला गेले होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सेफ म्हणजे नक्की किती सेफ?" मी फळ्यावर भार लिहिला, ताकद लिहिली, त्यांचा भागाकार मांडला. मुलांनी तो उतरवून घेतला. मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. माझंही झालं नव्हतं. फळा पुसताना माझ्या डोळ्यांसमोर ती लुगड्याची झोळीच होती.

हंगाम सरत आला. नवा अर्धा स्लॅब ओतून झाला होता. त्याच्यावर ओली पोती अंथरून आम्ही पाणी मारत होतो. थोडे दिवस कळ काढली की वाहतूक त्याच्यावर वळणार होती. गावातल्या एका टोळीची त्या दिवशी शेवटची खेप होती. शेवटची खेप म्हणजे आमच्याकडं मिरवणूकच. ट्रॅक्टरला केळीचे खुंट, उसाच्या शेंड्यांची, वाढ्यांची तोरणं, तालमीचे झेंडे, गुलाल, आणि स्पीकर तर असा की छातीत धडधडावं. दोन ट्रॅक्टर होते. मल्लाप्पाचं लाल फडकं नियमाप्रमाणं मागच्याच्या हातात होतं. पुढचा पल्याड पोचला. मडगार्डवर नाचणाऱ्या एका गड्याला मल्लाप्पा दिसला. त्यानं आपल्या ट्रॉलीवरचा एक लाल झेंडा उपसला, "घ्या पावणं, आमची आठवण!" म्हणत त्याच्या हातात कोंबला आणि तोंडाला गुलाल फासला. डोळ्यांत गुलाल गेलेल्या मल्लाप्पानं हातात काठी बघितली, काठीला लाल कापड बघितलं, आणि पल्याडचा रिकामा ट्रॅक्टर सोडला.

दोघं पुलाच्या मध्यावर समोरासमोर आले. एक भरलेला, एक रिकामा, दोन्हींना दोन-दोन ट्रॉल्या. मागं जायची सोय कुणालाच नाही. भरलेला नेमका माझ्या टेकूंवर येऊन थांबला. न थांबता जायचा नियम होता, तोही मोडला. दोन्ही स्पीकर चालूच.

मी अल्याडच्या काठावर पाणी मारून घेत होते. मला माहीत होतं, की एवढा भार पेलेल. ती गुंजाईश मीच ठेवली होती, मला ती तोंडपाठ होती. आणि तरी माझ्या हातातनं पाइप कधी सुटला आणि मी उतारावरनं कधी घसरत गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. गुडघा फुटला. पुलाखाली झोळी होती, बरोबर त्या ट्रॅक्टरच्या खाली. मंगल फडात होती. टेकू ठाम उभे होते, झोळी तसूभर हलत नव्हती, पोरगी गाढ झोपलेली. मी तिला उचललं. तिनं असं भोकाड पसरलं की वरच्या स्पीकरच्या वर ऐकू यावं. तिला छातीशी धरून मी गोट्यांवरनं ठेचकाळत उघड्यावर आले. 

मंगल धावत आली, कोयता हातातच होता. तिनं पोरीकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग वर बघितलं. वर मल्लाप्पाचा आवाज चढला होता. "बंद करा ते गाणं! इंजान बंद! अरं नाचतोयस काय, हात लाव हिकडं!" नाचणारे गडी उतरले. त्यांनी रिकाम्या ट्रॉल्या एकेक करून सोडवल्या आणि ढकलत मागं नेल्या. मग रिकामा ट्रॅक्टर एकटाच मागं गेला. बराच वेळ लागला. पोरगी रडून रडून माझ्याच खांद्यावर झोपली. मंगलनं ती मागितली नाही आणि मीही दिली नाही.

"पडणार व्हता का?" तिनं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी केलाय तो."

"मग लेकरू कामून काढलं?"

आणि इतके दिवस न सापडलेलं उत्तर तेव्हा तोंडात आलं. मी म्हटलं, "मंगल, वरचा माणूस पुलावरनं जातो गं. पलीकडं पोचला की सुटला. तुझी लेक दिवसभर खालीच असते. आणि काही झालंच, तर तिला पळता येत नाही."

तिनं ते मनात घोळवून बघितलं. वर भरलेला ट्रॅक्टर हळूहळू पुढं सरकला आणि पलीकडं उतरला. पूल जिथल्या तिथं होता.

"असं आधी सांगायचं ना मग," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या वरडायच्या." तिनं पोरगी घेतली, झोळी सोडली आणि लांबच्या त्या बाभळीकडं चालू लागली. राहिलेले दिवस ती फडातनं तिथपर्यंत उन्हात हेलपाटे घालत राहिली. मला ते दिसायचं, आणि बरंही वाटायचं, वाईटही वाटायचं.

मल्लाप्पा दोन दिवस जेवला नाही. काम सोडून जातो म्हणाला. मी म्हटलं, जा, पण जायच्या आधी लाल सोडून दुसऱ्या कुठल्यातरी रंगाचं फडकं बांधून दे. तो गेला नाही. त्यानं जांभळ्या रंगाचं धोतराएवढं कापड आणलं. ते कुठनं मिळवलं, हे त्यानं अजून मला सांगितलेलं नाही.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. त्याच आठवड्यात नवा अर्धा वाहतुकीला उघडला. त्याच्याखालचा आधार काढून झाला होता. आता तो स्वतःच्या पायावर होता. पहिली गाडी गेली ती मंगलच्या टोळीची, गावाकडं परत निघालेली. ट्रॉलीत भांडी, बाजा, कोंबड्या, शेळी, माणसं, आणि सगळ्याच्या वर लेकीला मांडीवर घेऊन बसलेली मंगल. पहिली गाडी जाते तेव्हा मी पुलाखाली उभी असते. गर्डर किती वाकतो आणि परत येतो का, ते मला डोळ्यांनी बघायचं असतं. त्या दिवशीही मी मान वर करून उभी होते. पुलाच्या अलीकडं रस्त्याला वळण आहे, तिथनं पुलाखालचं सगळं दिसतं.

"ओ मॅडम!" वरनं हाक आली. "खाली काय करताय? सरका तिथून! गाडी यायलीय!"

मी हसून हात हलवला, काही होत नाही, जा तुम्ही, अशा अर्थानं. आवाज चढवून तिनं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. ट्रॅक्टर वळणावरच थांबला. मागं गाड्या खोळंबल्या, हॉर्न सुरू झाले, मल्लाप्पा जांभळं फडकं नाचवत ओरडायला लागला. मंगल ढिम्म. लेकीला कडेवर घेऊन ती ट्रॉलीत उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी निघाले. गोटे ओलांडून बाहेर उन्हात येऊन उभी राहिले, तेव्हा कुठं तिनं ड्रायव्हरला म्हटलं, "हं, आता चल."